मदत हवी आहे: हेपॅटायटिस सी असताना स्तनाग्राला चीर पडली आहे

माझे बाळ 19 दिवसांचे आहे. मला हेपॅटायटिस सी (रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणूजन्य आजार) असून औषधे अद्याप सुरू झालेली नाहीत. एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आहेत. हेपॅटायटिस सीचा विषाणू दुधातून पसरत नाही, त्यामुळे अंगावर पाजण्यास हरकत नाही, मात्र स्तनाग्रातून रक्त आल्यास त्या बाजूचे दूध देऊ नये, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

परवा उजव्या बाजूला चीर पडली आणि बाळाच्या ओठांच्या कडेला गुलाबी दूध दिसले. तेव्हापासून मी फक्त डावीकडे पाजते, उजवीकडचे दूध दर तीन तासांनी हाताने पिळून टाकून देते आणि चिरेवर लॅनोलिनचे मलम लावते. रक्त थांबले आहे, पण खपली अजून ओली आहे. घरून वरचे दूध सुरू करण्याचा आग्रह होतो. परंतु बाळ दिवसाला सात-आठ लंगोट ओले करते, म्हणजे त्याला दूध पुरते आहे, आणि माझे दूध तोडायची माझी मुळीच इच्छा नाही.

बाळाची आरएनए चाचणी (रक्तात हा विषाणू आहे का ते पाहणारी) दोन महिने पूर्ण झाल्यावर ठरली आहे. ज्या मातांनी हा प्रसंग काढला आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सांगावे: रक्त थांबले एवढे पुरे आहे, की चीर पूर्ण भरेपर्यंत उजवीकडे पाजू नये?