मदत हवी आहे: साडी पाहून जातात, घेत काहून नाही?

नागपुरात गोकुळपेठेत साड्यांचं छोटं दुकान आहे माझं, महालक्ष्म्यांचा (गौरींचा) सीझन तोंडावर आला. ताया येतात, पदर उलगडून पाहतात, दारात उजेडात नेऊन रंग बघतात, फोटो काढून बहिणीला व्हॉट्सॅप करतात अन् 'येतो उद्या' म्हणून जातात, मग इतवारीच्या बाजारात भाव काढत असतील. डिस्काउंटचा बोर्ड लावला तर उलट जुना माल समजतात! ज्येष्ठा-कनिष्ठेसाठी जोडीच्या साड्या अन् करवतकाठी वेगळ्या मांडून स्टेटसवर भावासकट टाकू का, की फॉल-पिको फ्री देऊ? इथल्या तायांनीच सांगा ना, नेमकं कशाने अडतं, भाव, रंग, की घरी विचारायचं राहते? बायको म्हणते आधी मोठा आरसा लाव, पण जागाच नाही हो.