मदत हवी आहे: चॅनल गाईडमध्ये फोकस भलतीकडेच उडतोय

मंडळी, एका केबलवाल्यासाठी अँड्रॉइड सेट टॉप बॉक्सची चॅनल गाईड बनवतोय, डावीकडे चॅनल आणि वर अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. लॅपटॉपवर माऊसने झकास चालतं पण रिमोट हातात घेतला की फोकसची (म्हणजे सध्या निवडलेल्या कार्यक्रमावर दिसणाऱ्या खुणेची) बोंब! समजा ९ च्या बातम्यांवर आहे, खाली आलो की साडेसातपासून चालू असलेला तीन तासांचा पिक्चर, इथपर्यंत ठीक, पण अजून एकदा खाली दाबलं की फोकस ९ वर न राहता थेट साडेसातच्या मालिकेवर. आईला दिलं टेस्टिंगला तर म्हणे "अरे मी आहे कुठं तेच दिसेना".

शिवाय स्क्रीनच्या कडेला ५ टक्के जागा सोडलीय तरी 'र्की' वरचा रफार कापला जातोय, लाइन हाइट (ओळीची उंची) किती ठेवता? आणि फोकससोबत वेळ लक्षात ठेवायची कशी, कुणी केलंय का? कोड नको, नुसतं लॉजिक सांगा.