मदत हवी आहे : विन्स्लोला खोली मिळत नाहीये, काय करू?

निघालो_बुवा
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या जुन्या महामार्गाची, रूट ६६ची सफर करतोय, सगळं ठरलंय, फक्त विन्स्लोपाशी घोडं अडलंय. ला पोसाडा हॉटेलात एकही खोली शिल्लक नाही. बाबांना राहायचंय ते तिथेच, कारण मागच्या अंगाला रूळ आहेत. न राहता आत जाऊ देतात का? गाड्या बघायला दुसरी जागा आहे का? जरा लवकर सांगा. दुसरं एक बुकिंग करून ठेवलंय, ते रद्द करायची मुदत उद्या रात्री संपते.

खिडकीची_सीट
अ‍ॅरिझोनातलं विन्स्लो ना? कधी जाताय? कुठल्या बाजूने येताय? किती जण? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर आम्ही काय पंचांग काढून बसायचं?

कोकणातला_कावळा
विन्स्लो सोडा हो. एका जुन्या गाण्यात नाव आलं म्हणून लोक कोपऱ्यावरच्या गिटारवाल्या पुतळ्याशेजारी फोटो काढतात आणि दहा मिनिटांत निघतात. विल्यम्सला जा. नव्या महामार्गाने बाजूला टाकलेलं रूट ६६ वरचं शेवटचं गाव, १९८४ साली. तिथून १९०१ मध्ये सुरू झालेल्या लाइनीवरून गाडीने थेट ग्रँड कॅन्यनच्या काठावर. आम्ही दोनदा गेलो.

लोको_शेड
विल्यम्सची गाडी म्हणजे नेरळ-माथेरानसारखी हौसेची. त्यात गाडीत काउबॉय लुटायला येतात! छान आहे, पण यांच्या बाबांना काय बघायचंय ते आधी कळू दे.

निघालो_बुवा
सॉरी, घाईत लिहिलं. मी, बायको, आई, बाबा. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीहून येतोय, पुढे लॉस एंजलिस. मे अखेरीचा शनिवार. बाबा भुसावळला गार्ड होते, ३४ वर्षं. त्यांना कॅन्यन बघायचा नाहीये, 'दरीच ना? घाटात बघितल्या पुष्कळ' म्हणाले. त्यांना मालगाड्या बघायच्यात. गुडघे दुखतात, फार चालवत नाही.

खिडकीची_सीट
अहो, मेमोरियल डेचा, म्हणजे सोमवारच्या राष्ट्रीय सुट्टीचा लाँग वीकेंड आहे तो! मग खोली कुठून मिळणार? हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

अन्नपूर्णा_टेक्सास
आई-बाबा शाकाहारी असतील तर थेपले, दशम्या, तिळाची चटणी बरोबर ठेवा. हायवेवर फ्राईजशिवाय काही मिळत नाही. दही मात्र नेऊ नका, आमचं डिकीत सांडलं आणि पेट्रिफाइड फॉरेस्ट (दगड झालेल्या झाडांचं राष्ट्रीय उद्यान) येईपर्यंत वास गेला नाही.

वाळवंटी
मूळ प्रश्नाचं उत्तर : हो, न राहता आत जाता येतं. लॉबी, बाग सगळं बघू देतात. जेवायला मात्र टेबल आधी राखून ठेवा. मेरी कोल्टर नावाच्या बाईंनी सांता फे रेल्वे आणि रेल्वेप्रवाशांसाठी हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वे कंपनीसाठी त्याचा आराखडा केला, १९३० मध्ये उघडलं. त्या काळी लोक गाडीनेच यायचे, म्हणून दर्शनी बाजू रुळांकडे होती. १९५७ ला बंद पडलं, मग रेल्वेने तिथे आपली ऑफिसं थाटली. पाडायच्या बेतात होतं ते १९९७ नंतर नव्या मालकांनी दुरुस्त करून पुन्हा सुरू केलं.
दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडलं की बसायला जागा आणि पलीकडे रूळ. गुडघ्यांना त्रास नाही. आम्ही बसलो होतो तेव्हा माझा मुलगा एका मालगाडीचे डबे मोजत होता. एकशे बारापर्यंत आला आणि शिंकला, मोजणी गेली. गाडी अजून चालूच होती. कंटेनरवर कंटेनर, दुमजली.

लोको_शेड
आणि बाबांना हेही सांगा : विन्स्लोला क्रू बदलतो. पहिल्यापासून रेल्वेचंच गाव ते. वर तारा नाहीत, सगळी डिझेल इंजिनं, पुढे तीन-चार जोडलेली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा लहान, १४३५ मिलिमीटर, आपलं १६७६. गार्डाचा डबा शोधतील तर मिळणार नाही, शेवटच्या वाघिणीला नुसती एक लुकलुकणारी पेटी असते. जरा जपून सांगा.

घाटमाथा
अवांतर : बँकर इंजिनं बघायची तर कसारा! ३७ला १ चा चढ, मागून इंजिनं ढकलतायत, इगतपुरीला सुटतात. अमेरिकेत कशाला?

खिडकीची_सीट
कारण ते अमेरिकेत आहेत, घाटमाथा.

रुळावरचा_माणूस
माझं ऐका. बघत कसले बसताय, बाबांना गाडीत बसवा. अ‍ॅमट्रॅकची (इथली प्रवासी रेल्वे कंपनी) साउथवेस्ट चीफ ही गाडी शिकागोहून लॉस एंजलिसला जाते. दिवसाला एक, संध्याकाळी आठच्या सुमारास विन्स्लोला त्याच हॉटेलच्या मागे थांबते. पुढचं स्टेशन फ्लॅगस्टाफ, तासाभराचा प्रवास. एकाने कार रस्त्याने न्यायची, ६० मैलांच्या आत आहे. तिकीट मोबाइलवर आत्ताच काढा.

कोकणातला_कावळा
ती गाडी लेट असते. म्हाताऱ्या माणसांना अंधारात बसवून ठेवणार? आणि मे अखेरीला साडेसातला सूर्य मावळतो. खिडकीतून दिसणार काय?

रुळावरचा_माणूस
जो माणूस ३४ वर्षं ब्रेकव्हॅनमध्ये बसला त्याला तुम्ही लेटची भीती घालताय? गाडी कुठवर आली ते अ‍ॅपवर दिसतं. तोवर हॉटेलात बसा.

निघालो_बुवा
एक मिनिट. माझं ते दुसरं बुकिंग फ्लॅगस्टाफचंच आहे. मोटेल, स्टेशनपासून दीड मैल. तेच रद्द करणार होतो.

खिडकीची_सीट
हे आत्ता सांगताय?!

वाळवंटी
रद्द करू नका! दोन गोष्टी लक्षात ठेवा. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे आल्बुकर्कीहून येताना एक तास तुमच्या पदरात पडेल. अ‍ॅरिझोनातल्याच नवाहो आदिवासींच्या भागात मात्र पुढे करतात. फोन मध्येच तिकडची वेळ दाखवायला लागला तर दचकू नका, गाडीची वेळ अ‍ॅरिझोनाची धरा. दुसरं, फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांच्या आसपास आहे, विन्स्लो दोन हजार फूट खाली. दुपारी घामाने भिजाल आणि रात्री फलाटावर कुडकुडाल. आईंची शाल डिकीत नको, हातात ठेवा.

अन्नपूर्णा_टेक्सास
आणि पेट्रिफाइड फॉरेस्टमधून दगड उचलू नका, मनाई आहे. आमच्या सासूबाईंनी तुळशीत ठेवायला एक घेतला होता, पार्किंगमधून परत पाठवलं ठेवायला.

निघालो_बुवा
बुकिंग ठेवलं. तीन तिकिटं काढली : आई, बाबा, मी. बायको कार आणेल, तिला एकटीने जुनी गाणी मोठ्याने लावून जायचंच होतं म्हणे. बाबांना फोन करून सांगितलं. पहिला प्रश्न : 'मेल आहे की पॅसेंजर?' दुसरा : 'इंजिन कुठलं लागतं?' यातलं दुसरं कुणी सांगेल का? आणि आई विचारतेय, सीटवर डबा उघडून खाल्लेलं चालतं ना?

रुळावरचा_माणूस
डबा चालतो. इंजिन सीमेन्सचं नवं डिझेल असेल नाहीतर जीईचं (जनरल इलेक्ट्रिक) जुनं. बाबांना म्हणावं, फलाटावर उतरल्यावर बघून आम्हालाच सांगा.

कोकणातला_कावळा
पुढे जाताना विल्यम्स करा तरी.