आजेसासूबाईंच्या घंगाळात कारंजं होईल का?

कढीपत्ता_इंदिरानगर:
आमच्या रो-हाऊसच्या मागे बारा बाय दहाचा तुकडा आहे. कढीपत्ता, दोन जास्वंदी, सासूबाईंची तुळस, संपलं. गावचं घर मोकळं करताना आजेसासूबाईंचं तांब्याचं घंगाळ माझ्या वाट्याला आलं. भांडी बाजारात मोडीत द्यायला नेलं होतं, पण काट्यावर चढवलेलं बघवेना. तशीच परत आणलं. रिक्षाचे पैसे गेले ते गेले.

आता मनात आहे ते असं: घंगाळ कढीपत्त्याखाली, आत छोटा पंप, वरून झुळझुळ पाणी आणि खाली चार-सहा मासे. सासूबाईंचं एकच, "पाणी साठवलंस की डास. मग बस दवाखान्यात." गल्लीत गेल्या पावसाळ्यात दोघांना डेंग्यू झाला होता, त्यामुळे मला उलटून बोलताही येईना. पाणी बोअरचं आणि नळाचं, दोन्ही आहे. कोणी केलंय का असं?

गंगापूर_रोडची_बाग:
ताई, बाकी काहीही करा, पण त्यात मासे सोडू नका. तांबं पाण्यात उतरतं आणि माशांना ते विषच. मी तांब्याच्या तपेल्यात गप्पी सोडले होते, चार दिवसांत सगळे उलटे. लेक दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

निवृत्त_वायरमन_सातपूर:
सासूबाई बरोबर बोलतायत. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याला एकदा घंगाळ पालथं करायचं आणि कडा घासायच्या, कारण अंडी कडेलाच चिकटतात. पंप चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लाईट गेली की पाणी थांबलंच.

पंप १८ वॅटचा पुरे. रोज आठ तास चालवलात तर महिन्याला साडेचार युनिटसुद्धा होत नाहीत. खोक्यावर पाच फूट लिहिलं असेल तर पाच फुटांवर धार मिळेल असं समजू नका, तिथे पाणी थांबतं. तुम्हाला दोन फूट चढवायचंय, तर पाच-सहा फुटांचा घ्या. पाणी आटून पंप कोरडा चालला तर जळतो. मे महिन्यात रोज एक तांब्या वाढवत जा.

आणि वायर. हे मी ओरडून सांगतो. बागेतल्या प्लगला अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की लाईट लगेच तोडणारा स्विच) असल्याशिवाय पंप लावायचा नाही. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड गवतात टाकणारे लोक पाहिलेत मी, म्हणून सांगतो.

बोअरचं पाणी घालू नका. क्षारांचा पांढरा थर बसतो, पंपाचं तोंडही बुजतं.

कुमुदिनी:
माशांची हौस असेल तर शेजारी सिमेंटचं कुंड ठेवा. दोन फूट रुंद, दीड फूट खोल म्हणजे जवळपास १३० लिटर. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग गप्पी सोडा, अळ्या तेच फस्त करतात. कुमुद लावणार असाल तर कढीपत्त्याच्या सावलीत नको, तिला पाच-सहा तास ऊन हवं आणि अंगावर धार पडलेली चालत नाही. पानांनी निम्मं पाणी झाकलं की शेवाळही कमी होतं. पिल्लं फार झाली म्हणून गोदावरीत नेऊन सोडू नका, आपल्याकडचे नाहीत ते मासे.

गंगापूर_रोडची_बाग:
कुंडावर जाळीही टाका. आमच्याकडे खंड्या येतो. तारेवर साधूसारखा बसून राहतो आणि मग डायरेक्ट नाश्ता!

कढीपत्ता_इंदिरानगर:
सगळ्यांचे आभार. मासे रद्द, कुंडाचं दिवाळीनंतर बघू. वायरमनकाका, तुमचा निरोप सासूबाईंना शब्दशः वाचून दाखवला. "सासूबाई बरोबर बोलतायत" एवढं दोनदा वाचायला लावलं. मग स्वतःच म्हणाल्या, दर रविवारी चिंच-मीठ लावून घंगाळ मी घासीन, तुला ते नीट जमत नाही. इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय. तोवर घंगाळ दिवाणखान्यात आहे आणि ह्यांनी त्यात हेल्मेट ठेवलंय.