जुना डिझेल पिकअप: बॉनेट उघडल्यावर आधी कुठं बघायचं?

सीमाभागात ऊस, तंबाखू, भाजी वाहणारे जुने पिकअप अजून भरपूर आहेत. कुठला पार्ट कुठं असतो आणि बिघाड कसा ओळखायचा, हे ठाऊक असणाऱ्यांनी लिहावं. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरवर चालणारी नवी डिझेल यंत्रणा) आधीच्या गाड्यांपुरतंच.

खानापूरकर
सेल्फ फिरतोय पण गाडी उठत नाही? रोटरी पंप (इंजेक्टरना डिझेल देणारा) असेल तर इंजेक्टरचे पाइप निघतात त्या बाजूला एका वायरचा छोटा सोलेनॉइड (डिझेल सोडणारा-तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) असतो. चावी ऑन केली की 'टक्' वाजायला हवं. वाजत नसेल तर टेस्ट लॅम्प लावा. वायरला करंट नसेल तर फ्यूज किंवा चावीचा स्विच बघा. करंट असूनही गप्प असेल तर सोलेनॉइड गेला.

टक् वाजतंय तरी उठत नाही, मग डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली असेल. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून हँड प्रायमर (हातानं दाबायचा छोटा पंप) मारा. बुडबुडे थांबले की पंप दाबता दाबताच स्क्रू आवळा. पुन्हापुन्हा हवा धरत असेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंतची रबरी नळी आणि क्लॅम्प बदला. त्या भागात ओढ असते, त्यामुळे डिझेल बाहेर न गळता हवा आत जाते. गळती दिसत नाही म्हणून लोक विनाकारण पंप उघडतात, तेवढं टाळा.

निपाणीकर
पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा कॉक वरचेवर सोडून पाणी काढा. पाणी पंपात गेलं की खर्च मोठा.

चिकोडीकर
उसाच्या दिवसांत गाडी तापते ती बहुधा रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुसा बसल्यामुळे. पंख्याच्या बाजूनं पुढं, कमी प्रेशरनं पाणी मारा. जोरात मारलं की जाळीची पाती वाकतात. तरीही तापते, वरचा होज कडक गरम आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर उघडून पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय किंवा रेडिएटर चोक झालाय. वरचा होज इंजिनला जिथं जोडतो, सहसा त्या घरातच थर्मोस्टॅट असतो. इंजिन गार झाल्यावरच काढा, पाण्यात टाकून तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाजवळ उघडत नसेल तर नवा घाला.

खानापूरकर
चिकोडीकर, बरेचजण तो काढूनच गाडी चालवतात हो.

चिकोडीकर
नका करू तसं. इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं.

बेळगावकर
चोर्ला घाट उतरणाऱ्यांनी व्हॅक्यूम पंप (ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला ओढ देणारा) तपासाच. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल थोडं खाली जायला हवं. जात नसेल तर व्हॅक्यूमचा पाइप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग पंप, मग बूस्टर या क्रमानं बघा.

याच पंपाचं सील गेलं तर ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरून ब्रश भिजतात, चार्जिंग पडतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत. कमी दिसले तर आधी बेल्ट आणि अर्थची पट्टी बघा. सील न बदलता नुसते ब्रश घातले तर तेही पुन्हा भिजणार.