माजघरावर लेकीसाठी खोली करायची आहे – तुळई कापावी का?

नमस्कार मंडळी,

राजापूरजवळ आमचं आजोबांच्या वेळचं जांभ्याचं कौलारू घर आहे. मार्चमध्ये आम्ही ठाण्याहून कायमचे इकडे आलो. लेक नववीत जाईल, तिला स्वतःची खोली हवी. घराला एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला फणस. तो तोडायचा नाही, हे घरात सगळ्यांचं ठरलेलं आहे.

वर मात्र जागा आहे. माजघर 16 बाय 20 फूट. बाजूच्या भिंती 12 फुटांपर्यंत, आढं साडेसोळा फुटांवर. 9 फुटांवर फळ्यांची जमीन केली तर मधोमध साडेसात फूट उंची मिळते, कडेला तीनच. ताठ उभं राहायला मधला सातेक फुटांचा पट्टा. कडेला गादी आणि पुस्तकं मावतील.

अडचण तुळईची. ती माजघराच्या बरोबर मध्यावर, भिंतीच्या माथ्याला आडवी आहे. म्हणजे नव्या खोलीत कमरेला आडवी येणार. सुतार म्हणतो, कापू आणि लोखंडी पट्ट्या मारू. काल शिडी लावून जवळून पाहिली. तुळईवर आखूड खांब उभा आहे आणि आढं त्यावरच टेकलंय. सांध्यात खिळा नाही, लाकडी खुंटी आहे. पटाशीचे घाव अजून दिसतात. कापायचा धीर होत नाही.

दुसरं, माकडं कौलं फोडतात. आज फुटलेलं कौल खालून दिसतं. आतून छत ठोकल्यावर गळती कळणार कशी?

प्रतिसाद

तुळई अजिबात कापू देऊ नका. आढ्याचा भार तिच्यावर आहेच, शिवाय दोन्ही भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून तीच धरून ठेवते. खोली अर्ध्याच माजघरावर करा, 10 बाय 16. तुळईच्या रेषेत लाकडी पडदी उभी करा. उरलेलं अर्धं उघडं राहिलं की माजघरातली हवाही खेळती राहील.

राहत्या खोलीला चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. तुमची खोली 15 चौरस मीटर, म्हणजे 3 टन, वर फळ्यांचं वजन वेगळं. भिंती मातीत बांधलेल्या असतील तर त्यांच्यावर हे टाकू नका. लोखंडी खांब, त्यांचा पाया वेगळा. इंजिनिअरला घरी आणून दाखवाच.

छताच्या फळ्या स्क्रूने बसवा, म्हणजे काढता येतील. कौलं आणि फळ्या यांत चारेक बोटं मोकळी सोडा आणि वारा जायला आढ्याजवळ वाट ठेवा, नाहीतर एप्रिल-मेमध्ये वर झोपवणार नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. अर्ध्या माजघराचं मला सुचलंच नव्हतं. सुताराला आजच थांबवलं.

भिंती मातीतच आहेत. मग खांबांसाठी माजघराची जमीन खोदावी लागेल. जुन्या भिंतीच्या पायाला धक्का लागू नये म्हणून खड्डे किती आत घ्यावेत? रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणी असं काम करून घेतलं असेल तर कृपया सांगा, फोटो असतील तर टाका. पावसाआधी खड्डे भरून व्हायला हवेत.