कोड आला नाही म्हणून डेटाबेस निर्दोष?

रात्रपाळी (धागाकर्ता)
परवा इथे एकाने छातीठोकपणे लिहिलं, "डेटाबेसने एरर कोड दिला नाही ना? मग डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) उठवू नका, ॲपचा लॉग वाचा." डोकंच तापलं. याच समजुतीपायी आमचे चार तास गेलेत.

एका पतसंस्थेचं काम. सकाळी अकराला कॅशियरची नोंद सेव्ह होईना. चक्र फिरत राहायचं, ६० सेकंदांनी ५०४, म्हणजे सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही. ॲपच्या लॉगमध्ये काही नाही, पोस्टग्रेस १४ या डेटाबेसच्या लॉगमध्येही एक ओळ नाही. दुपारी तीनला पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (कोण काय करतंय त्याची यादी) बघितलं तर एक सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे व्यवहार अर्धवट ठेवून गप्प, १०:५२ पासून. कोणीतरी शाखेच्या रोख खात्यावर हाताने अपडेट मारून, कमिट न करता, म्हणजे बदल पक्का न करता, उठलं होतं. तोवर त्या खात्याच्या ओळीवर लॉक, बाकीचे त्या एका ओळीमागे रांगेत. लॉकसाठी किती थांबायचं ते ठरवणारं लॉक_टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे वाट बघत बसा. अशी वाट लॉगमध्ये नोंदवणारं लॉग_लॉक_वेट्सही मुळात बंद. कोड येणार कुठून?

ओळ_४२
ते लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. तुमच्या गोष्टीत डेटाबेसने काय चूक केली? लॉक सांभाळणं हे त्याचं कामच. कमिट न करता उठला तो माणूस.

मी ओरॅकल डेटाबेसवर दोन रात्री घालवल्यात. व्याजाची प्रोसिजर 'यशस्वी' म्हणायची आणि तीन खात्यांना व्याजच नाही. शेवटी सापडलं काय, तर 'व्हेन अदर्स देन नल', म्हणजे कुठलीही एरर आली तरी गप्प बस. ओरॅकल बिचारा ओआरए-०१४०३ ('डेटा सापडला नाही') ओरडून सांगत होता, आमच्याच माणसाने तोंड दाबलं होतं.

जुना_डीबीए
ओळ_४२, अर्धंच सांगताय. तोच ०१४०३ एखाद्या फंक्शनमध्ये आला आणि ते फंक्शन सिलेक्ट क्वेरीमधून बोलावलेलं असलं, तर ओरॅकल स्वतःच तो गिळतो. हातात नल, म्हणजे रिकामी किंमत येते. तिथे कोणी व्हेन अदर्स लिहिलेलं नसतं.

शाळामास्तर
थोडं अवांतर, पण राहवत नाही. आमच्या शाळेच्या यादीत 'ज्ञानेश्वर' टाकलं, सेव्ह झालं म्हणाला, छापलं तर दहा प्रश्नचिन्हं. मायएसक्यूएल डेटाबेसमधलं टेबल लॅटिन१ (देवनागरी न बसणारा अक्षरसंच) होतं आणि कोणीतरी स्ट्रिक्ट मोड (न बसणारी किंमत नाकारणारा) काढून टाकलेला. 'मजकूर बसत नाही' अशी १३६६ ची नुसती वॉर्निंग, ती वाचतो कोण? एका तुकडीतली सगळी नावं गेली. प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षरं परत काढता येत नाहीत.

ओळ_४२
हा कॅरेक्टर सेटचा विषय, वेगळा धागा काढा. आणि नावं रोमनमध्ये ठेवली असती तर हा प्रश्नच आला नसता.

शाळामास्तर
का ठेवायची? दाखल्यावर पोराचं नाव देवनागरीत आहे, त्याच्या आईला तेवढंच वाचता येतं. सोय तुमच्या टेबलाची बघायची की तिची? असं पुन्हा लिहू नका.

सातारकर
+१. २०१५ च्या मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू येतो. तो बंद करणारे आपणच.

जुना_डीबीए
सातारकर, बंद का करतात तेही सांगा ना. '००००-००-००' तारखा भरलेलं जुनं ॲप स्ट्रिक्टमध्ये पहिल्याच दिवशी बंद पडतं. मालक म्हणतो आधी चालू करा. मीही केलंय बंद, एकदा नाही, तीनदा. चूकच होती.

ओळ_४२
रोमनचं बोललो ते चुकलं, मागे घेतो. गिळणारा डेटाबेसही दोषी, हेही मान्य. पण शो वॉर्निंग्ज (वॉर्निंगची यादी दाखवणारी आज्ञा) ॲपने वाचायला हवं होतं, तेवढं सोडणार नाही.

रात्रपाळी
ती यादी पुढची क्वेरी आली की जाते, आणि पूलमधलं (सगळ्यांत वाटून वापरायचं) कनेक्शन तोवर दुसऱ्याच्या हातात. म्हणून म्हणतो, कोडची वाट बघू नका, डेटाबेसला बोलायला लावा. आम्ही लॉक_टाइमआउट १० सेकंद केलं. आता कोणी अडवून बसलं की ५५पी०३ ('लॉक मिळालं नाही') हा कोड येतो आणि फोन सकाळी अकरालाच वाजतो, तीनला नाही.

ओळ_४२
१० सेकंद महिनाअखेरीच्या बॅचला (एकगठ्ठा कामाला) पुरणार नाहीत. बॅचच्या रोलसाठी (डेटाबेसमधल्या तिच्या युजरसाठी) वेगळं ठेवा.

रात्रपाळी
ठेवतो. हे आधी सुचलं नव्हतं.

सातारकर
मास्तर, त्या तुकडीचं काय केलंत?

शाळामास्तर
जनरल रजिस्टर उघडून हाताने भरतोय. आज 'श' पर्यंत आलो.